महानुभावांचें ग्रंथजाळें

धारणीहून मेळघाट उतरून, परतवाडा मागें टाकून पूर्वेस गेलें, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटींत रिद्धपूर लागतें. १३ व्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटानें चक्रधरस्वामींच्या सहवासांतील माणसांना गांठून, विचारून, येथें ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली. ग्रंथ मात्र बुडाला नाहीं. अनेक शिष्यांच्या तो मुखीं होता. ज्याला जसें आठवलें तसें त्यानें उतरविलें, आणि एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले. संशोधकांस ही डोकेदुखी खरी. पण तिच्यावांचून ग्रंथच हातीं लागता ना!

पंथांतील आम्नाय निरनिराळे, मठ स्वतंत्र, प्रत्येकाचा महंत व ग्रंथसंग्रह वेगळा. तरीही पोथ्या मठामठांतून फिरत, नकलल्या जात, आणि पंथाबरोबर पार पंजाबापर्यंत गेल्या. ‘सकळ’ या सांकेतिक लिपींतील अक्षरांची अदलाबदल एकदां शिकली, कीं तींत लिहिलेली दूरच्या मठांतील पोथीही वाचतां येई. आजच्या मॅस्टोडॉनसारख्या समाजमाध्यमाची रचना अशीच आहे. तेथें संगणककेंद्रें वेगवेगळ्या चालकांचीं असतात; परंतु २०१८ सालीं मान्य झालेल्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या समान संकेतामुळें एका केंद्रावरील मजकूर दुसऱ्यावर पोंचतो.

भेद एवढाच, कीं हा संकेत सर्वांस खुला आहे. ‘सकळ’ची किल्ली पंथाबाहेर जात नसे. २० व्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती उलगडीपर्यंत मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ बाहेरच्या मराठी वाचकांस जवळजवळ अपरिचितच राहिला.