शेजारची वाढ आणि गोव्याची पेठ

दोडामार्गाहून डिचोलीकडे जाणारा रस्ता थोड्याच वेळात गोव्याच्या हद्दीत शिरतो. आज तेथे दोन राज्यांची शीव आहे; १९६१ पर्यंत तीच दोन सत्तांची सरहद्द होती. एकेकाळी जगाची म्हणून गाजलेली पेठ शेजार वाढू लागल्यावर कशी वागली, हे पाहायचे असेल, तर या शिवेवरून ते फार चांगले दिसते.

सोळाव्या शतकात गोव्याचे वैभव केवळ आरमारावर उभे नव्हते. विजयनगरच्या फौजेला लागणारे अरबी व इराणी घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि त्यांवरील जकातीने पोर्तुगीजांची तिजोरी भरे. १५६५ साली तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर मोडले आणि हा उदीमही बसला. पेठ समुद्राकाठी असली, तरी तिचे गिऱ्हाईक घाटमाथ्यावर होते. पुढे डच आरमाराने समुद्राची वाटही अडवली, आणि ज्या मुंबई बेटाचे दान पोर्तुगालने १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला केले, तेच बेट पुढे गोव्याला मागे टाकून गेले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली, सत्तरी व पेडणे हे मुलूख पोर्तुगीजांकडे गेले. दोडामार्गचा टापू सावंतवाडी संस्थानात राहिला. मुलूख वाढला, पण पेठ वाढली नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकात गोव्याने मोठ्या शेजाऱ्याशी हात मिळवण्याचे ठरवले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन्हीकडची जकात एक झाली व मुरगावपासून घाटावर जाणारी आगगाडी बांधण्याचे ठरले. मिठाचा ताबा मात्र इंग्रजांकडे गेला. त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दर साल चार लक्ष रुपये मिळावयाचे होते. सरकारची तिजोरी सांभाळली गेली. मिठागरावर पोट असलेल्या माणसाचे काय झाले असेल, हे निराळे सांगायला नको. आगगाडी झाली, पण तिच्यावरून अपेक्षेइतका माल आला नाही. १८९२ साली तह संपला. त्या वाटेने माल येण्याऐवजी माणसेच बाहेर गेली. मुंबईत गोवेकरांचे गावोगावचे कूड उभे राहिले आणि गोव्यातील कित्येक चुली मुंबईच्या पगारावर पेटू लागल्या.

पुढचा प्रयोग याच्या अगदी उलट होता. भारत स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगीज सत्ता हटेना, म्हणून १९५४ पासून भारत सरकारने नाकेबंदी केली. शेजार तुटताच गोव्याने समुद्राकडे तोंड केले. हॉलंडचे बटाटे, जपानचे सिमेंट, सिलोनचा चहा दुकानांत आला. लोहखनिज जहाजांनी जपान व पश्चिम जर्मनीला जाऊ लागले. बाजार भरलेला दिसे, पण सीमेवरील माणसाची सोयरीक व बाजारहाट तुटली, आणि चोरटा व्यापार फोफावला. १९६१ च्या डिसेंबरात सत्ता गेली, तेव्हा बँकेत गहाण असलेले गोवेकरांचे दागिने अगोदरच लिस्बनला रवाना झाले होते. ते परत यायला १९९१ साल उजाडले. पेठेची किल्ली दूरदेशी असली, म्हणजे असे होते.

या सर्वांतून आम्हांला एक गोष्ट दिसते. वाढत्या शेजाऱ्याकडे पाठ फिरवून पेठ टिकत नाही, आणि केवळ त्याच्या सोयीने करार करूनही ती टिकत नाही. आपल्यापाशी शेजाऱ्याला हवे असे काय आहे हे ओळखावे आणि त्याचे मोल आपल्या माणसांच्या पदरात पडेल, असा करार करावा.

आज पारडे फिरले आहे. गोवा मोठा शेजारी आहे आणि दोडामार्ग लहान. तिलारीचे पाणी गोव्यात जाते, आपली तरुण मुले कामासाठी तिकडे जातात. पेडण्यातील मोपा येथे २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. यात वाईट काहीच नाही. परंतु १८७८ च्या तहात मिठागरावरच्या माणसाला कुणी विचारले नव्हते. आपल्या पाण्याचा आणि श्रमाचा करार करताना गावकऱ्याला विचारले जाते की नाही, एवढे पाहण्याची जबाबदारी आता आपली आहे.