सक्तीचे प्राथमिक शिक्षण (मुंबई इलाखा व महाराष्ट्र)

ठरावीक वयाच्या प्रत्येक मुलाने शाळेत गेलेच पाहिजे, असे कायद्याने बंधन घालावे की नाही, याविषयीचा वाद व त्यातून झालेले कायदे. कालखंड सामान्यतः १८८२ पासून आजपर्यंतचा. मूल शाळेत आले नाही तर जबाबदार कोण, पालक की सरकार, आणि खर्च कोणी सोसायचा, हे दोन प्रश्न या संपूर्ण इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित होतात. अभ्यासक्रम, माध्यमभाषा वा शिक्षणपद्धती यांवरील वाद या नोंदीच्या कक्षेबाहेरचे आहेत.

आरंभ : ही मागणी सरकारदरबारी स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले बहुधा पहिले. हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी सादर केलेल्या निवेदनात निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे म्हटले आहे. निवेदनाचा हा भाग नेहमी उद्धृत होतो. त्यातील तपशील मात्र फारसे वाचले जात नाहीत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत आणि वेळ पडल्यास त्यांना नांगर धरण्याची लाज वाटू नये, अशी फुल्यांची अपेक्षा होती. प्रशिक्षित शिक्षकाचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, हेही त्यांनी सुचविले. मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांवरील थोडे पाठ एवढा अभ्यासक्रम त्यांनी पुरेसा मानला. लोकल फंडाचा पैसा रयतेकडून वसूल होतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना मिळतो, ही त्यांची मुख्य तक्रार. आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. सक्तीचा मुद्दा स्वीकारला नाही.

संस्थाने : बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचा प्रयोग सुरू केला व १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. वयोमर्यादा मुलांसाठी ७ ते १२, मुलींसाठी ७ ते १०. गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होत असे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला आणि १९१८ मध्ये चिखली येथे योजनेचा आरंभ झाला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत घेण्याचा त्यांचा १९१९ चा हुकूम सक्तीइतकाच महत्त्वाचा ठरतो, कारण मुलाला शाळेत येण्यास भाग पाडायचे आणि आल्यावर बाहेर ओसरीवर बसवायचे, ही विसंगती त्याने निदान कागदावर संपविली. इतर संस्थानांची माहिती त्रोटक आहे.

गोखले यांचे विधेयक : मुंबई सरकारने १९०६ मध्ये याच प्रश्नावर समिती नेमली होती, लोक अजून तयार नाहीत, असा तिचा निष्कर्ष. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९ मार्च १९१० रोजी केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला आणि सरकारी आश्वासनावरून मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक आणले. त्याची रचना अतिशय सावध होती. सक्ती देशभर एकदम येणार नव्हती. ज्या नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या हद्दीत सरकारने ठरविलेल्या टक्केवारीइतकी मुले आधीच शाळेत जात असतील, तिने सरकारची पूर्वपरवानगी घेऊन ती लागू करायची. वय ६ ते १०, आरंभी फक्त मुलगे, मुलींना पुढे सोयीने. दरमहा १० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकाच्या मुलाला फी माफ. खर्चापैकी दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने उचलावा, अशी वाटणी गोखल्यांनी सुचविली.

एवढे जपून पाऊल टाकूनही विधेयक टिकले नाही. लोकांचीच मागणी नाही, पैसा कोठून आणणार, हजेरी तपासणारे कारकून खेड्यातल्या गरिबाला छळतील, असे आक्षेप घेण्यात आले. बहुतेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत कळविले. सरकारच्या वतीने शिक्षण खात्याचे सदस्य हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. महंमद अली जिना यांनी पाठिंबा दिला. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. सभागृहात सरकारी सदस्यांचे बहुमत असल्याने निकाल आधीच ठरलेला होता; तरीही काही बिनसरकारी हिंदी सदस्य विरोधकांच्या बाजूला गेले, हे नोंदविण्यासारखे आहे. शेतावर व घरकामाला लागणारी पोरे शाळेत गेली तर कामाला कोण, हा विचार यामागे होता असे मानले जाते.

१९१८ चा कायदा व पुण्यातील वाद : विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये जिल्हा नगरपालिकांसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला (‘पटेल कायदा’). ब्रिटिश हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. तोही ऐच्छिक होता : सक्ती करण्याची मुभा पालिकेला, सक्ती पालकांवर.

पुण्यात त्यामुळे लगेच प्रश्न उभा राहिला, की सक्ती मुलांपुरती करायची की मुलींनाही. तिजोरीत पैसा बेताचा, म्हणून आधी मुलगे आणि मग मुली, अशी न. चिं. केळकर आदींची बाजू होती. सुधारक मंडळींना ही टोलवाटोलवी वाटली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये पुण्यातील स्त्रियांनी मोर्चा काढून दोघांनाही सक्ती हवी, अशी मागणी केली. शहरात सभा गाजल्या, काही उधळल्या गेल्या. मुलींच्या सक्तीला लोकमान्य टिळकांचा असलेला विरोध तत्त्वाला होता की केवळ खर्चाच्या क्रमाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पैशाची अडचण खरी होती. ती आली की पहिली कात्री मुलींच्या शाळेवर चालते, हेही तितकेच खरे.

१९२३ ते १९४७ : रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असताना तयार झालेला १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा जिल्हा लोकल बोर्डांनाही लागू झाला व स्कूल बोर्डे अस्तित्वात आली. सक्तीच्या वाढीव खर्चापैकी नगरपालिकांना निम्मा व लोकल बोर्डांना दोनतृतीयांश सरकारने द्यावयाचा होता. सरकारी तिजोरीच्या ओढाताणीत योजना मंजुरीवाचून पडून राहिल्या. मुंबई शहरात १९२५ पासून एफ व जी वॉर्डांत सक्ती आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना हिशेबच मांडला. इलाख्यात माणशी शिक्षणखर्च चौदा आणे. दारूवरील अबकारीतून सरकार मिळविते माणशी दोन रुपयांहून अधिक. पहिलीत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. हार्टोग समितीने १९२९ मध्ये हीच गळती व स्थगन (एकाच इयत्तेत अडकून राहणे) दाखवून शाळांचा विस्तार थांबवावा, असलेल्या शाळा सुधाराव्यात, असे सुचविले. एकाच आकड्यातून दोन उलट निष्कर्ष निघाले : आंबेडकरांना अधिक खर्च हवा होता, समितीला कमी शाळा.

१९३७ नंतरची वर्धा शिक्षण योजना सक्तीपेक्षा आशयाशी संबंधित. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सरकारी नियंत्रण वाढले.

महाराष्ट्र राज्य : १९६२ मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. ८६ वी घटनादुरुस्ती (२००२) व १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा यांनी जबाबदारीची दिशा बदलली. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळा, प्रवेश व हजेरी मिळवून देणे हे आता सरकारचे बंधन ठरले. पालकाचे कर्तव्य कलम १० मध्ये उरले, पण त्याला दंड जोडलेला नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत कागदोपत्रीच हजर असलेली मुले मोठ्या संख्येने आढळली.

त्यानंतरचे वाद या बंधनाच्या मर्यादेवरचे आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये पटसंख्या दहाहून कमी म्हणून १,३१४ शाळा बंद करून मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. पानशेत व तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवण्यात आली. मोठ्या शाळेत वर्गाला एक गुरुजी मिळतील, खेळायला सोबती मिळतील, हा समर्थकांचा मुद्दा. वस्तीपासून पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, हा नियमच त्यामुळे पोकळ होतो आणि ओढ्यापलीकडची मुलगी पावसाळ्यात घरी बसते, हा विरोधकांचा. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांबाबतही असाच वाद झाला : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केली. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटसंख्येनुसार शिक्षकपदे मंजूर करण्याच्या) निर्णयावर शिक्षक संघटनांनी रोष व्यक्त केला.

विदर्भ : मध्य प्रांताचा स्वतंत्र कायदा, १९२०.

मराठवाडा : १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, मुंबईचे कायदे लागू नव्हते.