पतितांची परतवाट

इजिप्तच्या वाळूत गाडले गेलेले पपायरसचे काही जीर्ण तुकडे १८९३ सालापासून प्रकाशात येऊ लागले. आजवर असे चाळीसहून अधिक तुकडे सापडले आहेत. सर्वांचा मजकूर जवळजवळ एकाच साच्याचा आहे. अर्जदाराने अधिकाऱ्यांसमक्ष देवतांना बळी अर्पण केला, नैवेद्य चाखला, तरी तसा दाखला मिळावा, ही विनंती. आणि खाली साक्षीदारांच्या सह्या. हे दाखले इ. स. २५० मधील आहेत. रोमन सम्राट डेसियसने साम्राज्यातील रहिवाशांना बळी अर्पण करण्याची आज्ञा दिली, त्या वर्षाची ही खूण होय.

त्याच वर्षी २० जानेवारीस पोप फॅबियन रक्तसाक्षी झाले. अनेकांनी तुरुंगवास व छळ सोसला. परंतु बहुसंख्य श्रद्धावंतांचा धीर खचला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात तर लोक पकडले जाण्याआधीच चौकाकडे धावले. सायंकाळ झाली म्हणून अधिकारी 'उद्या या' म्हणत, तरी ते आजच बळी देऊ द्या म्हणून विनवीत. काहींनी बळी दिला नाही, पण पैसे चारून दाखला मिळवला. छळाची लाट ओसरू लागताच यांतील कित्येकांना आपल्या पतनाची लाज वाटू लागली. त्यांना ख्रिस्तसभेत परत यायचे होते. त्यांना परत घ्यावे काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांच्यावर आली. त्यांची स्थिती अवघड होती. छळकाळात ते स्वतः अज्ञातवासात गेले होते व पत्रांद्वारे कारभार पाहत होते. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली होती. इकडे तुरुंगात छळ सोसलेले काही धर्मसाक्षी पतितांना शांतिपत्रे देऊ लागले. त्यांचा कळवळा खरा होता. पण काही पत्रांत अमुक व त्याची माणसे एवढाच उल्लेख असे. ती माणसे वीस की तीस, कोण जाणे! बळीच्या दाखल्याला लॅटिन भाषेत 'लिबेल्लुस' म्हणत आणि शांतिपत्रालाही तोच शब्द होता. एका कागदाने श्रद्धा सोडली, दुसऱ्या कागदाने ती परत मिळवावी, असा हा सोपा व्यवहार सिप्रियन यांनी नाकारला.

दुसरे टोकही होते. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूने पतितांना ख्रिस्तसभेचे दार कायमचे बंद असावे, अशी भूमिका घेतली व पोप कॉर्नेलियस यांच्याविरुद्ध फूट पाडली.

२५१ साली पास्काच्या सणानंतर सिप्रियन कार्थेजला परतले व बिशपांची सभा भरली. प्रत्येकाचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासावे. केवळ दाखला घेतलेल्यांना सामावून घ्यावे. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, मात्र मृत्यूसमयी त्यांना समेट नाकारू नये, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच, प्रायश्चित्तात टिकून राहिलेल्या सर्वांना बिशपांनी तत्काळ समेट दिला. येणाऱ्या लढाईत उतरणाऱ्यांना ख्रिस्तशरीराचे बळ हवे, हे त्यामागील कारण होते. काल पडलेल्यांवर ख्रिस्तसभेने उद्याच्या साक्षीसाठी विश्वास टाकला! १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला. आपल्या माणसांमध्येच मरण यावे, ही त्यांची इच्छा पूर्ण झाली.

आज आपल्याकडे कोणी दाखला मागत नाही. माणसे निमूटपणे दूर जातात. कधी कामाच्या धावपळीत, कधी मन दुखावल्यामुळे, कधी एखाद्या चुकीच्या लाजेने. वर्षांमागून वर्षे जातात आणि मग पापनिवेदनाच्या जागेपर्यंतची दहा पावलेही जड होतात. ती पावले त्याची त्यानेच टाकायला हवीत. दुसऱ्या कोणाचे पत्र तेथे चालत नाही. पण तो मंदिरात शेवटच्या बाकावर येऊन बसला, की आपण मागे वळून कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न मात्र आपला आहे. पवित्र मिस्साच्या पहिल्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत कॉर्नेलियस व सिप्रियन ही नावे लागोपाठ येतात. ती ऐकताना त्या बाकाची आठवण व्हावी.