चित्रपटगृहातील अश्रू : प्रेमपट, परीकथा आणि प्रेक्षकांच्या साक्षीचा इतिहास

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासात निर्माते, दिग्दर्शक, कलावंत आणि तंत्र यांच्या नोंदी विपुल आढळतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होतो, त्या प्रेक्षकाला पडद्यासमोर बसून काय वाटले, याच्या नोंदी मात्र विरळ आहेत. त्यातही भावनाप्रधान प्रेमपट पाहून डोळे पुसणारा किंवा परीकथेची नवी आवृत्ती पाहून हरखून जाणारा प्रेक्षक अभ्यासकांच्या दृष्टीने बराच काळ उपेक्षेचा, क्वचित उपहासाचाही विषय राहिला. या प्रेक्षकाच्या वैयक्तिक प्रतिक्रियेला इतिहासाचे साधन म्हणून मान्यता कशी मिळत गेली आणि त्या साधनाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिचित कथेची पुनरावृत्ती

सिंड्रेलाची कथा शार्ल पेरो याने १६९७ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली. ग्रिम बंधूंनी तिचे जर्मन रूप १८१२ च्या आपल्या संग्रहात घेतले. जॉर्ज मेलिएस याने १८९९ मध्ये, म्हणजे चित्रपटकला अगदी बाल्यावस्थेत असताना, ती पडद्यावर आणली. पुढे डिस्नेचा सचेतपट १९५० मध्ये आला आणि त्याच संस्थेने २०१५ मध्ये केनेथ ब्रॅना याच्या दिग्दर्शनाखाली तीच कथा जिवंत नटांसह पुन्हा सादर केली. परीकथेचे नाव न घेता तिचा सांगाडा स्वीकारणारे ‘प्रिटी वुमन’ (१९९०) सारखे प्रेमपट तर असंख्य आहेत.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. शेवट आधीच ठाऊक असलेल्या कथेने प्रेक्षकाचे डोळे का पाणावतात? प्रेक्षक भोळा असतो व तो फसतो, हे उत्तर सोपे आहे. परंतु ज्याला पुढचा प्रसंग आधीच माहीत आहे, त्याला फसवणार तरी कोण? या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकालाच विचारावे, ही कल्पना रुजण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

प्रेक्षकाविषयी बोलणारे आणि प्रेक्षकाला विचारणारे

जर्मन विचारवंत सीगफ्रीड क्राकाउअर याने १९२७ मध्ये ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ या वृत्तपत्रात दुकानांतून काम करणाऱ्या मुली आणि चित्रपट या विषयावर आठ भागांची लेखमाला लिहिली. तत्कालीन चित्रपटांतील गोड शेवट ही समाजाची दिवास्वप्ने असून त्यांतून समाजाच्या दडलेल्या इच्छा प्रकट होतात, हे त्याचे प्रतिपादन आजही मोलाचे मानले जाते. तथापि या लेखमालेतील मुली चित्रपटगृहात गुपचूप डोळे पुसतात, एवढेच वाचकाला दिसते. त्या स्वतः काही बोलत नाहीत. त्यांच्या अश्रूंचा अर्थ लेखकच लावतो.

विशेष म्हणजे त्यापूर्वीच एमिली आल्टेनलोह या संशोधक स्त्रीने मानहाइम शहरातील प्रेक्षकांना प्रश्नावल्या देऊन त्यांची आवड-निवड जाणून घेतली होती. चित्रपटाच्या समाजशास्त्रावरील तिचा प्रबंध १९१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वय, लिंग, व्यवसाय व सामाजिक स्तर यांनुसार आवड बदलते, हे तिने दाखवून दिले. ‘प्रेक्षक’ नावाचा एकजिनसी समूह अस्तित्वात नसतो, ही जाणीव या अभ्यासातून मिळते.

हिंदुस्थानातही याच सुमारास प्रेक्षकावरील परिणामाची चर्चा सरकारी पातळीवर झाली. टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीने १९२७-२८ मध्ये मुंबईसह अनेक शहरांत साक्षी नोंदवल्या. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या आणि ३५३ साक्षीदारांच्या तोंडी साक्षी घेतल्या. पाश्चात्त्य प्रेमपटांतील आलिंगन-चुंबनाच्या दृश्यांचा येथील प्रेक्षकांवर काय परिणाम होतो, हा त्या काळी राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय होता. परंतु बोलावलेल्यांत प्रामुख्याने चित्रपट व्यावसायिक, अधिकारी, शिक्षक, पत्रकार व सार्वजनिक कार्यकर्ते होते. पिटातल्या प्रेक्षकाविषयी पुष्कळ बोलले गेले. त्याचे स्वतःचे म्हणणे त्या मानाने थोडेच नोंदले गेले.

आत्मकथने, पत्रे आणि एक प्रश्न

अमेरिकेत पेन फंडाच्या अर्थसाहाय्याने १९२९ ते १९३२ या काळात चित्रपटांचा तरुणांवरील परिणाम अभ्यासण्यात आला. त्यातील हर्बर्ट ब्लूमर याने विद्यार्थी व इतर तरुणांकडून मोठ्या संख्येने चित्रपटविषयक आत्मकथने लिहवून घेतली आणि १९३३ मध्ये ‘मूव्हीज अँड कंडक्ट’ हा ग्रंथ सिद्ध केला. प्रेमदृश्ये पाहून पडलेली दिवास्वप्ने, नायिकेच्या वेशभूषेचे अनुकरण, दुःखद प्रसंगी न आवरलेले रडू यांची प्रांजळ वर्णने त्यात आहेत. चित्रपट प्रेक्षकाच्या भावनांचा ताबा घेतो, असे ब्लूमरने म्हटले. पण त्याच ग्रंथात भावनिक अलिप्ततेवरही स्वतंत्र प्रकरण आहे. तरुण प्रेक्षक हळूहळू पडद्यापासून अंतर राखायला शिकतात, हेही त्याला आढळले होते. सार्वजनिक चर्चेत मात्र पहिल्या निष्कर्षाचाच अधिक गाजावाजा झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जे. पी. मायर याने ‘पिक्चरगोअर’ या नियतकालिकाच्या वाचकांना आपल्या चित्रपटानुभवाविषयी लिहिण्याचे आवाहन केले. त्यातून १९४६ व १९४८ मध्ये दोन ग्रंथ साकारले. १९५० च्या ऑगस्टमध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेने आपल्या स्वयंसेवी लेखकांना थेट विचारले, की चित्रपट पाहताना तुम्हाला कधी रडू येते का आणि आल्यास त्याची लाज वाटते का? प्रश्नाचा दुसरा भाग विशेष अर्थपूर्ण आहे. अश्रूंइतकीच त्यांच्याभोवतीची सामाजिक बंधने त्यातून नोंदली गेली. रडणे ही खाजगी कृती असली, तरी कोणी, कोठे व कशासाठी रडावे याचे संकेत समाज ठरवतो.

जॅकी स्टेसी यांनी १९९४ च्या ‘स्टार गेझिंग’ या ग्रंथात स्त्रियांच्या नियतकालिकांतून आवाहन करून मिळवलेली ३५० हून अधिक पत्रे आधाराला घेतली. १९४० व १९५० च्या दशकांतील हॉलिवूड नट्यांच्या या आठवणींत युद्धकाळातील टंचाई, चित्रपटगृहातील ऊब व झगमगाट आणि नायिकेसारखी केशरचना करून पाहण्याचा आनंद एकत्र नांदतात. आपले आयुष्य तसे नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच ते दोन तास त्यांना हवे होते. अ‍ॅनेट कून यांच्या ‘ॲन एव्हरीडे मॅजिक’ (२००२) या ग्रंथाने १९३० च्या दशकातील वृद्ध प्रेक्षकांच्या मुलाखतींतून हीच दिशा पुढे नेली.

साधनांची चिकित्सा

ही साधने जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. विद्यार्थी शिक्षकासाठी लिहितो, तेव्हा काय लिहावे याचे भान त्याच्या लेखणीला असते. नियतकालिकाला पत्र पाठवणारा वाचक मुळातच चित्रपटवेडा असतो. चाळीस-पन्नास वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीत मधल्या आयुष्याची भर पडलेली असते. शिवाय ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचा आवाज या संग्रहांत नाही. पण या मर्यादा बखरी, प्रवासवर्णने व आत्मचरित्रे यांनाही लागू पडतात. म्हणून इतिहासकार ती टाकून देत नाही. सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि विचारले कशासाठी, हे तपासूनच तो त्यांचा उपयोग करतो.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की प्रेक्षकाला प्रत्यक्ष विचारले गेले तेव्हा भावविवशता आणि जाणतेपण या दोन्ही गोष्टी एकाच साक्षीत आढळल्या. सिंड्रेलाला राजपुत्र मिळणार हे माहीत असूनही डोळे भरून येतात, कारण ते अश्रू कथेच्या शेवटासाठी असतात तितकेच स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांसाठीही असतात. कथा पेरोच्या काळापासून तीच आहे. पण मानहाइममधील कामगार स्त्री, अमेरिकन विद्यार्थिनी आणि युद्धकाळातील इंग्रज तरुणी यांच्या इच्छा वेगवेगळ्या होत्या. एकाच कथेवरील बदलत्या प्रतिक्रिया म्हणूनच त्या-त्या काळाच्या सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज ठरतात.

मराठी प्रदेशाच्या दृष्टीने याचे महत्त्व अधिक आहे. तंबूतील खेळ, एकपडदा चित्रपटगृहे आणि स्त्रियांसाठी राखीव आसने यांच्या आठवणी सांगणारी पिढी वयोवृद्ध होत चालली आहे. महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन त्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्यास, १९२७-२८ च्या समितीने ज्या प्रेक्षकाविषयी इतरांनाच अधिक विचारले, त्याच्या वारसांना तरी स्वतःची साक्ष देता येईल. हे काम फार काळ लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.