‘प्रोफेसर उनरात’ ते ‘पिंजरा’ : एका कथेचे स्थलांतर

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ हा तमाशापट १९७२ साली प्रदर्शित झाला. लावणी, ढोलकी आणि गावकुसाबाहेरची राहुटी यांनी तो इतका मराठमोळा झाला आहे की, त्याच्या कथेचे मूळ हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या ‘प्रोफेसर उनरात’ या जर्मन कादंबरीत आहे, हे प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मध्यंतरीचा दुवा म्हणजे योझेफ फोन स्टर्नबर्ग यांनी १९३० साली दिग्दर्शित केलेला ‘द ब्ल्यू एंजल’ हा बोलपट होय.

मान यांचा शिक्षक मुळातच आदरणीय नाही. विद्यार्थी त्याच्या ‘रात’ या आडनावाचा विपर्यास करून ‘उनरात’, म्हणजे घाण, अशी त्याची संभावना करतात. गायिकेशी विवाह केल्यानंतर तो खचत नाही. उलट आपल्या घरी जुगाराचा अड्डा चालवून, ज्या नगराने त्याला हिणविले त्याच्या प्रतिष्ठितांना तो रसातळाला नेतो. कादंबरीचा रोख ढोंगी नागर समाजावर आहे. स्टर्नबर्ग यांनी हा सूड गाळला. त्यांचा प्राध्यापक विदूषक होऊन आपल्याच गावी परततो, रंगमंचावर कोंबड्यासारखा आरवतो आणि अखेर आपल्या जुन्या वर्गातील मेजाला कवटाळून प्राण सोडतो. उपहासाची शोकांतिका झाली ती येथे.

मराठी रूपांतराने याहूनही मोठी उलथापालथ केली. ‘पिंजरा’तील मास्तर हा गावाचा आदर्श पुरुष आहे. तमाशाने गाव बिघडेल म्हणून तो फड हुसकावून लावतो आणि त्याच फडातील चंद्रकला त्याला मोहात पाडते. पुढे एका खुनानंतर, चेहरा ओळखू न येणाऱ्या प्रेतावर मास्तरांचे कपडे चढविले जातात. मास्तर मेले असे मानून गाव त्यांचा पुतळा उभारते. जिवंत मास्तर मात्र फडामागे पडेल ते काम करीत हिंडत राहतात. शेवटी त्यांच्यावर आरोप येतो तो मास्तरांच्याच, म्हणजे स्वतःच्याच, खुनाचा. आणि पुतळा भंगू नये म्हणून ते तो मुकाट्याने स्वीकारतात. माणूस नष्ट होतो, प्रतिमा उरते. हा कलाटणीचा प्रसंग दोन्ही जर्मन कृतींत नाही. ज्या समाजात शाळामास्तर हा गावाच्या नीतीचा राखणदार मानला जात होता, त्याच समाजात तो सुचू शकतो. ‘नटसम्राट’मुळे (१९७०) रंगभूमीवर गाजलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी ही भूमिका केली.

कथेचे हे रोपण यशस्वी झाले याचे श्रेय तमाशापटाच्या तयार परंपरेलाही द्यावे लागेल. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) राजकमलचाच. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) अनंत माने यांचा, आणि ‘पिंजरा’च्या कथेशीही माने यांचे नाव निगडित आहे. संवाद शंकर पाटील यांचे, गीते जगदीश खेबुडकर यांची, संगीत राम कदम यांचे. बर्लिनच्या पडद्यावर गाणे हे पात्राच्या स्वभावाचे दर्शन होते. येथे संध्या यांचे नृत्य हेच कथेचे चालक बळ ठरते. मास्तर व चंद्रकला यांच्यातील झुंज बोलण्यापेक्षा लावणीतच अधिक लढविली जाते.

परंतु येथेच एक विसंगतीही आहे, आणि ती दृष्टिआड करणे योग्य नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले होते. चित्रपटातील मास्तर तीच भाषा बोलतो. चित्रपट त्याची नीती खरी मानतो आणि त्याच वेळी ज्या कलेला ती नीती दोषी ठरविते, तिच्याच बळावर उभा राहतो. मान यांनी दोषी धरले होते नगराला. ‘पिंजरा’त तो दोष बव्हंशी नाचणारणीच्या पदरी पडतो. चंद्रकलेच्या मनातही पुढे खरे प्रेम उपजते, हे दाखविले आहे. तथापि जिच्या पायांतील चाळांवर सारा चित्रपट तोललेला आहे, तिचा पुतळा उभारण्याचे त्या गावात कोणाच्याही मनात येत नाही.