तरटाचा कागद

यंत्राचा कागद येण्यापूर्वी दख्खनेत लिहिण्यासाठी जो कागद वापरला जाई, तो बहुतांशी टाकाऊ मालातूनच तयार होत असे. दौलताबादजवळचा कागजीपुरा, जुन्नर आणि पुण्याच्या कसब्यातील कागदीपुरा ही त्याची नामांकित केंद्रे असून, हा धंदा मुख्यतः ‘कागदी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुसलमान कारागिरांच्या हाती होता. तागाची फाटकी तरटे, जीर्ण दोरखंड आणि लिहून निकामी झालेले कागद हा त्यांचा कच्चा माल. तरटाचे तुकडे करून ते चुन्याच्या पाण्यात मुरवले जात, पायाने चालणाऱ्या ढेकीखाली कुटले जात आणि पुन्हा धुतले जात. हा क्रम वारंवार झाल्यावर उरलेला लगदा हौदातील पाण्यात सोडून, गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी गुंफलेल्या साच्यावर एकेक ताव उचलला जाई. सुकलेल्या तावाला शाई फुटू नये म्हणून खळ लावली जाई आणि मग तो गुळगुळीत दगडाने घोटला जाई. हात न उचलता लिहावयाच्या मोडीला असाच पृष्ठभाग सोयीचा होता.

या उद्योगाला आधार होता तो भरपूर चिंध्यांचा नव्हे, तर ग्राहकाचा. पेशव्यांच्या दफ्तरातील हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांवरून सरकारी कारभार, सावकारी आणि पत्रव्यवहार यांनी किती कागद खपवला असेल याची कल्पना येते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हे मोठे गिऱ्हाईक गेले, पुढे विलायती कागद स्वस्त मिळू लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्याही उभ्या राहिल्या. गिरण्यांनाही चिंध्या आणि रद्दी लागतच होती, त्यामुळे कचऱ्याला भाव राहिला, पण तो कागद्याच्या हातून निसटला. धंदा बुडण्यास कारागिराचे मागासलेपण कारण होते, असे मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावयास हवा.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्यातून हातकागदाला पुन्हा चालना दिली आणि १९४० साली पुण्यात हातकागदाची स्वतंत्र संस्था सुरू झाली. तरटाऐवजी आता मुख्यतः शिवणकामातील सुती कातरण वापरले जाऊ लागले. हा कागद खपू लागला तो प्रामुख्याने लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रे आणि चित्रकारांच्या तावांसाठी. रोजच्या लिखापढीचा कागद गिरणीचाच राहिला.