से शी, साम बुन : कोरियन घड्याळातला इतिहास

१/ कोरियन भाषा शिकणारा विद्यार्थी घड्याळापाशी हमखास अडखळतो. तीन वाजून तीन मिनिटे झाली, हे सांगायचे असेल तर म्हणावे लागते, ‘से शी, साम बुन’. तासाचा तीन ‘से’, मिनिटाचा तीन ‘साम’. तास मोजायचे अस्सल कोरियन संख्यांनी, मिनिटे चिनीतून आलेल्या संख्यांनी.

२/ कोरियाच्या दरबाराचा आणि विद्वानांचा लेखनव्यवहार शतकानुशतके चिनी लिपीत चाले. तिच्याबरोबर चिनी संख्याही आल्या. मात्र बोलीतले देशी आकडे टिकून राहिले. आजही सैन्यात चोवीस तासांची वेळ सांगताना तासांनासुद्धा चिनी आकडेच लावतात.

३/ पूर्वी दिवसाचे बारा भाग असत. प्रत्येक भाग दोन तासांचा आणि त्याची खूण एक प्राणी. मध्यरात्र उंदराची, माध्यान्ह घोड्याची. या घोड्याच्या प्रहराचे नाव ‘ओ’. म्हणून आजही सकाळ ‘ओजन’ म्हणजे ‘ओ’च्या आधी, दुपार ‘ओहू’ म्हणजे ‘ओ’च्या नंतर, आणि ऐन मध्यान्ह ‘जंग-ओ’.

४/ पण हे प्रहर सामान्य माणसाला कळत कसे? राजधानीत, म्हणजे आजच्या सोलमध्ये, रात्री घंटेच्या २८ ठोक्यांनी वेशी बंद होत आणि पहाटे ३३ ठोक्यांनी उघडत. १४३४ साली राजा सेजोंगच्या दरबारात आपोआप ठोके देणारे जलघड्याळ सुरू झाले. ते घडवणारा जांग यंग-शिल जन्माने सरकारी गुलाम होता.

५/ त्याच वर्षी अर्धगोल वाटीच्या आकाराचे सूर्यघड्याळ भर रस्त्यात बसवण्यात आले. त्यावर अक्षरांऐवजी प्राण्यांची चित्रे होती, कारण ते निरक्षरांसाठी होते. कोरियाची स्वतःची लिपी तयार व्हायला अजून नऊ वर्षे होती. वाचता न येणाऱ्या प्रजेपर्यंत वेळ तिच्याआधीच पोहोचली.

६/ जांगचा शेवट मात्र उदास आहे. १४४२ साली त्याच्या देखरेखीखाली बनलेली राजाची पालखी मोडली. त्याला फटक्यांची शिक्षा झाली, पद गेले. त्यानंतर राजदरबाराच्या नोंदींतून तो नाहीसा होतो.

७/ १८९६ पासून कोरियाने सौर दिनदर्शिका स्वीकारली. १९०८ साली प्रमाणवेळ ठरली, ती ग्रीनिचच्या साडेआठ तास पुढे. १९१० साली जपानने देश गिळला आणि १९१२ साली घड्याळे टोकियोच्या वेळेवर, अर्धा तास पुढे सरकवली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली दक्षिण कोरियाने तो अर्धा तास परत घेतला. १९६१ साली पुन्हा सोडला.

८/ म्हणून आज सोलमध्ये घड्याळ बारा दाखवते, लोक ‘जंग-ओ’ म्हणतात, आणि सूर्य माथ्यावर येतो तो सुमारे अर्ध्या तासाने. जांगच्या काळातले सूर्यघड्याळ तिथे ठेवले, तर त्याची सावली मात्र घोड्यापाशी आपल्याच वेळेला पोहोचेल.